कॉलेजचे पहिले सत्र: बारावीच्या निकालापासून दिवाळीपर्यंत गोव्यातल्या मुलांनी आणि घरच्यांनी काय काय करावे

पेडण्यापासून काणकोणपर्यंत गोव्याची लांबी जेमतेम १०५ किलोमीटर. त्यामुळे इथले मूल शिकायला बाहेर पडले तरी ते घरातून निघाले असे कुणाला वाटतच नाही. वसतिगृहात राहणारी मुलगी शुक्रवारी दुपारी बॅग उचलते आणि दिवेलागणीला घरी हजर असते. जत्रा, बारसे, चुलतभावाचा साखरपुडा, काही म्हणजे काही चुकत नाही. पुण्या-मुंबईला गेलेले मूल पहिले दोन महिने रडते आणि मग रुळते. आपल्याकडचे रडत नाही, पण पुष्कळदा रुळतही नाही. अर्धे घरी, अर्धे कॉलेजात असे त्याचे पहिले सत्र निघून जाते आणि ऑक्टोबरात परीक्षा समोर आली की सगळे एकदम जागे होतात. कॉलेजात शिकवताना दर वर्षी हे पाहत आले आहे. घर जवळ असणे ही मोठी सोय आहे, आणि पहिल्या सत्रातल्या बऱ्याच अडचणींचे मूळही तिथेच आहे. पुढचे सगळे याच दृष्टीने लिहिले आहे.

आणखी एक गोष्ट, विशेषतः सिंधुदुर्ग, कोल्हापूर, बेळगावकडून मुले पाठवणाऱ्या पालकांसाठी. महाराष्ट्रात अकरावीपासूनच ‘कॉलेज’ सुरू होते. गोव्यात अकरावी-बारावी हायर सेकंडरीत, गणवेशात, सकाळच्या प्रार्थनेसह होते. गोव्यातले मूल फेब्रुवारी-मार्चमध्ये गणवेशात बारावीचा पेपर लिहिते आणि जुलैत त्याला कुणी विचारतही नाही की तू तासाला का नव्हतास. हा बदल वरवर दिसतो त्यापेक्षा मोठा आहे.

निकालानंतर लगेच: ये-जा की मुक्काम

कुठल्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा यावर घरात महिनाभर चर्चा होते. रोज तिथे पोचायचे कसे यावर पाच मिनिटेही होत नाही. ती आधी करा.

सर्वांत आधी नीट समजून घ्या की मूल नेमके कुठे जाणार आहे. ‘गोवा विद्यापीठात प्रवेश मिळाला’ असे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलाबद्दल म्हटले जाते, तेव्हा बहुतेक वेळा तो मिळालेला असतो विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात: मिरामारला, म्हापशाला, मडगावला, फर्मागुडीला, साखळीला, केप्याला. विद्यापीठाची ताळगाव पठारावरची वास्तू मुख्यतः पदव्युत्तर विभागांची आहे. जुवारीनगरचे बिट्स, एनआयटी, आयआयटी या निवासी संस्था. तिथे हा प्रश्न येत नाही.

मग एक दिवस काढा आणि प्रवास करून बघा. रविवारी गाडीने नव्हे. कामाच्या दिवशी, पहिल्या तासाला पोचायचे आहे असे धरून, बसने. वाळपईहून पणजी ४५-५० किलोमीटर आणि काणकोणच्या चावडीवरून साधारण ७०. पण किलोमीटरवरून काही कळत नाही. काणकोणहून मडगाव, मडगावच्या कदंब (राज्य परिवहनाच्या) स्थानकावर पणजीच्या शटलची रांग, पणजीला उतरून पुन्हा तिसरी बस, असा तो हिशेब असतो. पठारावर विद्यापीठात जायचे असेल आणि दक्षिणेकडून येत असाल तर पणजी गाठण्याऐवजी महामार्गावर बांबोळीला उतरून पुढे जायला काय मिळते ते पाहा. येतानाचा प्रवास तर करून बघाच. गावाकडची शेवटची बस किती वाजता सुटते, आणि संध्याकाळचे प्रॅक्टिकल लांबले तर ती मिळते का? खासगी बसवाले प्रवासी कमी असले की शेवटची फेरी गाळतात, हेही गावात सगळ्यांना ठाऊक असते.

माझा ठोकताळा असा: दारापासून दारापर्यंत एका बाजूला दीड तासाच्या आत जमत असेल तर ये-जा चालेल. त्यापेक्षा जास्त लागत असेल आणि अभ्यासक्रम विज्ञान, अभियांत्रिकी किंवा प्रॅक्टिकलचा असेल तर पहिल्या वर्षी तरी मुक्कामाची सोय बघा. रोजचे चार तास रस्त्यावर गेले की ग्रंथालय, नाटक, खेळ, मैत्री या सगळ्यांवर आपोआप काट बसते. मूल फक्त तास ऐकून परत येते, आणि त्याला आपण कॉलेजला जाणे म्हणतो.

ये-जा करणाऱ्यांनी कदंबचा विद्यार्थी सवलतीचा पास पहिल्याच आठवड्यात काढावा. त्याला कॉलेजचा दाखला आणि फोटो लागतात. खासगी बसमध्ये हा पास चालत नाही, म्हणून आपल्या मार्गावर कदंबच्या फेऱ्या किती ते बघूनच काढा.

आता दुचाकी. बारावीला चांगले गुण पडले की स्कूटर, ही आपल्याकडची पद्धतच झाली आहे. मुलाला १८ पूर्ण नसतील तर ती देऊच नका. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असा मोटार वाहन कायदा आहे. १८ पूर्ण असतील तरी जून ते सप्टेंबर थांबा असे मी सांगेन. नवा रस्ता, नवी गाडी, खड्ड्यांत साचलेले पाणी आणि उशीर झालेला मुलगा, हे सगळे एकाच पावसाळ्यात जमवून आणायची गरज नाही. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, परवाना हातात घेऊन आणि हेल्मेट डोक्यावर घालून सुरू करू दे.

कागद: एक फाइल, आणि ती मुलाच्या हातात

बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जात प्रमाणपत्र असेल तर ते, मामलेदार कचेरीतून घेतलेले वास्तव्याचे आणि उत्पन्नाचे दाखले, पासपोर्ट आकाराचे फोटो. गोवा बोर्डाबाहेरून येणाऱ्यांना मायग्रेशन प्रमाणपत्रही लागते, आणि ते मिळायला वेळ लागतो, म्हणून निकालाच्या दिवशीच अर्ज टाका. प्रत्येकाच्या चार-पाच झेरॉक्स, आणि सगळ्यांचे स्कॅन फोनमध्ये. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जूनमध्ये मामलेदार कचेरीत अख्खा तालुका लोटतो. मे महिन्यातच जा.

क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवर मोजले जाणारे श्रेयांक, जमा होण्यासाठी अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे खाते लागते. ते डिजिलॉकरमधून उघडता येते. आधार, गुणपत्रिका आणि कॉलेजचा अर्ज, तिन्हीकडे नावाचे स्पेलिंग सारखे आहे का ते आत्ताच पाहा. आपल्याकडे एकाच घरात नाईक आणि नायक, गावकर आणि गांवकर अशी दोन-दोन रूपे असतात. तिसऱ्या वर्षी ती दुरुस्त करताना प्रतिज्ञापत्रापासून सुरुवात करावी लागते.

मूळ कागद कॉलेजने ठेवून घ्यायचे नाहीत. पडताळून परत द्यायचे, असे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) सांगणे आहे. शुल्काबाबतही पालक उगाच घाबरतात. दुसरीकडे प्रवेश मिळाला तर भरलेले पैसे बुडाले असे होत नाही. परताव्याच्या तारखा यूजीसी परिपत्रकाने कळवते. २०२४-२५ साली ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकीचे परत, असा नियम होता. आपल्या वर्षाचे परिपत्रक कॉलेजच्या कार्यालयात मागा.

पैशांची अडचण असेल तर ती लपवू नका आणि उशीरही करू नका. शिष्यवृत्तीचे बहुतेक अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर किंवा राज्याच्या संबंधित खात्याकडे जातात, आणि पैसे मुलाच्या स्वतःच्या, आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. वडिलांच्या खात्याचा उपयोग नाही. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्यांनी तिची चौकशी बँकेत जाण्याआधी करावी.

आणि खिडकीपाशी मुलाला उभे करा. प्रवेशाच्या दिवसांत मी पाहते: कारकून मुलीला विचारतो, ‘विषय कुठला?’ आणि उत्तर मागून बाबा देतात. बाबांनी बाहेर बाकावर बसावे. फॉर्म चुकला तर ती पुन्हा भरेल.

खोली बघताना

वसतिगृह मिळत असेल तर पहिल्या वर्षी तेच घ्या. जेवण कसेही असो. ओळखी तिथे होतात, आजारी पडल्यावर शेजारचे दार ठोठावता येते, आणि रात्री दहाला उद्याच्या असाइनमेंटबद्दल विचारायला माणूस असतो.

ते नाही मिळाले तर आपल्याकडे पहिला पर्याय पुढे येतो तो नातेवाइकांचा. ‘पर्वरीला मावशी आहे ना, मग खोली कशाला?’ मावशी प्रेमाने ठेवून घेते, यात शंका नाही. पण त्या घरात पाहुणे आले की खोली सोडावी लागते, उशिरा येणे बरे दिसत नाही, आणि पैशांचे कुणीच काही बोलत नसल्याने दोन्हीकडे मनात काही ना काही साठत जाते. नातेवाइकांकडे ठेवणारच असाल तर आधी स्पष्ट बोला: किती महिने, झोपायची आणि अभ्यासाची जागा कुठली, जेवणाखाणाचे महिन्याला किती द्यायचे. मावशी पैसे घेणार नाही म्हणेल. मग गॅस सिलिंडर किंवा वीजबिल आपल्याकडे घ्या. मोठ्यांनी मोठ्यांशी हे बोलायचे असते, ते मुलावर सोडू नका.

भाड्याची खोली किंवा पीजी असेल तर ती शक्यतो पाऊस चालू असताना बघा. मे महिन्यात रंग लावलेली भिंत कोरडी दिसते. जुलैत तिच्यावर ओल आणि बुरा चढतो. नळाला पाणी किती वाजता येते, टँकर मागवावा लागला तर खर्च कुणाचा, इन्व्हर्टर आहे का, हे विचारा. किनारपट्टीच्या भागात आणखी एक प्रश्न विचाराच: डिसेंबरात खोली रिकामी करायला सांगणार का? काही मालक पावसाळ्यात विद्यार्थी ठेवतात आणि मोसम सुरू झाला की पर्यटक. करारात मे महिन्यापर्यंतची मुदत लिहून घ्या. गोव्यात भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे मालकावर बंधनकारक आहे. तो टाळाटाळ करत असेल तर ती खोली सोडून द्या.

सामान: पाऊस गृहीत धरून

सत्र सुरू होते ते भर पावसात. जाड जीन्स तीन दिवस वाळत नाही, कातडी बुटांवर आठवड्यात बुरशी धरते आणि कपाटातल्या पुस्तकांना वास येतो. म्हणून लवकर वाळणारे कपडे, रबरी किंवा प्लास्टिकच्या चपला, छत्री आणि रेनकोट दोन्ही, वहीपुस्तकांसाठी झिपच्या प्लास्टिक पिशव्या, वाळत घालायला दोरी आणि चिमटे, डांबरगोळ्या, विजेरी, एक्स्टेंशन बोर्ड. बाकी बादली-मग वगैरे तिथेच घ्या.

खाऊबद्दल एकच विनंती. पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी केलेल्या बेगमीच्या, सामानातला वाटा मुलाला द्यावासा वाटणे साहजिक आहे, पण सुकी सुंगटे आणि खारे बांगडे वसतिगृहाच्या कपाटात ठेवू नका. खोलीत दुसरेही कुणी राहते. लाडू, चकल्या, कोकमचे आगळ, लोणच्याची लहान बरणी पुरे, आणि द्यायचेच तर खोलीतल्या सगळ्यांना पुरेल एवढे द्या. पहिली मैत्री बहुतेक वेळा डबा उघडल्यावर होते.

पहिला आठवडा: ही कामे मुलांनी स्वतः करायची

हा भाग थेट तुला सांगते, म्हणून अरे-तुरे.

सुरुवातीचा परिचय कार्यक्रम, दीक्षारंभ म्हणतात तो, बुडवू नकोस. अर्धी भाषणे कंटाळवाणी असतील. पण हजेरीचे नियम, मेंटॉर कोण, समुपदेशक कुठे बसतात, परीक्षा विभागाची खिडकी कुठली, हे तिथेच कळते. आणि शेजारी बसलेला मुलगाही तुझ्याइतकाच अनोळखी असतो. त्याच्याशी बोलायला याहून सोपी वेळ पुन्हा येत नाही.

त्या आठवड्यात चार माणसांना नावाने ओळखायला शीक: तुझा मेंटॉर शिक्षक, कार्यालयातला तुमच्या वर्गाचे काम पाहणारा कारकून, ग्रंथपाल, आणि शिपाई किंवा लॅब अटेंडंट. शेवटच्याला कमी समजू नकोस. कुठले सर कधी भेटतात आणि कुठली नोटीस कुठल्या फळ्यावर लागते, हे त्याला प्राचार्यांपेक्षा चांगले माहीत असते. त्याच्याशी कोकणीत किंवा मराठीत बोल, इंग्रजी झाडू नकोस.

वेळापत्रक कागदावर लिहून काढ. रिकामे तास लाल पेनने रंगव. कॉलेजात मूल हरवते ते याच तासांत. रोज निदान एक रिकामा तास ग्रंथालयात, असे पहिल्याच आठवड्यात ठरव. पुढे कँटीनची सवय लागली की ठरवणे अवघड जाते. आणि एक मंडळ निवड: एनएसएस, एनसीसी, नाट्य, क्विझ, फुटबॉल, काहीही. एकच. ये-जा करणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण तास संपल्यावर अर्धा-पाऊण तास थांबायला काही कारण असावे लागते.

मेजर, मायनर आणि क्रेडिटचा हिशेब

गोवा विद्यापीठाच्या कॉलेजांत २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीची रचना बदलली आहे. घरातल्या मोठ्यांचे ‘एफवाय, एसवाय, टीवाय’चे अनुभव इथे फारसे उपयोगी पडत नाहीत, म्हणून पालकांनीही हे वाचावे.

मेजर म्हणजे मुख्य विषय. मायनर म्हणजे जोडविषय, जो पुढच्या वर्षांतही चालू राहतो. त्याशिवाय दुसऱ्या शाखेतला बहुविद्याशाखीय विषय, भाषा-क्षमतेचा, कौशल्याचा आणि मूल्यवर्धित विषय असतो. तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६०. म्हणजे सत्राला साधारण २०. वर्गातल्या शिकवण्याचा एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास, प्रॅक्टिकलचा एक म्हणजे ३०. यावरून एक सोपा निष्कर्ष निघतो: चार क्रेडिटच्या विषयाला दोन क्रेडिटच्या विषयापेक्षा दुप्पट वेळ द्यायचा. मुले नेमके उलटे करतात. कौशल्याचा विषय नवा आणि गमतीचा असतो, त्याच्या प्रोजेक्टवर रात्री जागतात, आणि मेजर ‘नंतर बघू’ म्हणून ठेवतात.

मायनर निवडताना ‘मैत्रिणीने घेतला’ आणि ‘सोपा आहे म्हणतात’ ही दोन कारणे बाजूला ठेवा. मागच्या वर्षीच्या मुलांकडून अभ्यासक्रमाचा कागद मिळवा, पहिल्या दोन घटकांची नावे वाचा आणि स्वतःला विचारा की यावर अर्धा तास वाचायला आवडेल का. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे मनात असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. त्यात पहिले सत्रही मोजले जाते. ‘पहिले वर्ष जरा मजा’ या सल्ल्याची किंमत तिथे कळते.

गुणांचा काही भाग सत्र चालू असतानाच्या चाचण्यांवर, प्रकल्पांवर, सादरीकरणावर असतो. मुलांच्या तोंडी तो ‘आयएसए’. त्याच्या तारखा चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीच्या आगेमागे येतात. त्या फोनमध्ये आणि घरच्या दिनदर्शिकेवरही लिहून ठेवा, म्हणजे त्या दिवशी आत्या सत्यनारायणाला बोलावणार नाही. आणि हजेरी ७५ टक्के लागते. आजारी पडलात तर डॉक्टरचा दाखला त्याच आठवड्यात द्या. सत्राच्या शेवटी आणलेल्या दाखल्याकडे कुठलाही शिक्षक संशयानेच पाहतो, मीही.

इंग्रजीची भीती

गोव्यातली बहुसंख्य ग्रामीण मुले चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून आणि पाचवीपासून इंग्रजीतून शिकलेली असतात. सिंधुदुर्गातून येणारी कित्येक दहावीपर्यंत मराठीतून. दोघांनाही इंग्रजी वाचता येते, लिहिता येते. तोंड उघडताना मात्र अडते. वर्गात दोन-तीन मुले फाडफाड बोलतात आणि बाकीच्यांना वाटते की हुशार तेवढीच.

उपाय साधा आहे आणि चालतो. तास संपला की शिक्षकांकडे जा आणि शंका मराठीत किंवा कोकणीत विचारा. आमच्यातल्या बहुतेकांना त्याचे काही वाटत नाही. उलट प्रश्न नेमका असतो. शंका सुटली की उत्तर घरी इंग्रजीत सहा-सात ओळींत लिहा. आठवड्याला अशी दोन उत्तरे कुणाला तरी तपासायला द्या. विषयातले मुख्य शब्द एका वहीच्या मागच्या पानावर, समोर मराठी अर्थ. पहिल्या सत्रात वर्गात उठून बोलायची सक्ती स्वतःवर करू नका. आधी तिघा-चौघांच्या गटात बोला. सादरीकरणात सुरुवातीचा परिचय तेवढा आपल्याकडे घ्या. मुख्य म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातल्या आयत्या नोट्स पाठ करणे टाळा, कारण त्याने इंग्रजी सुधारत नाही आणि विषयही समजत नाही.

घरच्यांसाठी: फोन, पैसे, शनिवार-रविवार

वसतिगृहातल्या मुलांच्या पालकांनी पहिल्या चार आठवड्यांतले निदान दोन शनिवार-रविवार त्यांना घरी बोलावू नये. हे आयांना कठीण जाते, माहीत आहे. पण वसतिगृहातले जीवन शनिवारी संध्याकाळी सुरू होते: कुणी कपडे धुते, कुणी मिरामारला चक्कर मारते, कुणी उरलेले जर्नल पूर्ण करते, आणि गटागटाने बोलणे होते. दर शुक्रवारी घरी जाणारा मुलगा या सगळ्यात कधीच नसतो. सोमवारी तो परत येतो तेव्हा पुन्हा पाहुणाच. पहिली खरी घरवापसी चवथीला होऊ दे. ती होणारच, चवथीला घरी न जाणारा गोयंकार मला तरी अजून भेटलेला नाही.

फोनची वेळ ठरवा. रात्री जेवणानंतर एकदा, दहा-पंधरा मिनिटे. मधल्या वेळी फोन उचलला नाही तर मैत्रिणीला, मैत्रिणीच्या आईला, मग वॉर्डनला फोन लावू नका. खरोखर तातडीचे असेल तर दोनदा लागोपाठ फोन, असा काही संकेत ठरवून ठेवा. आणि ‘जेवलास का?’ एवढेच विचारू नका. त्याला ‘हो’ म्हटले की संपले. ‘आज कुणाबरोबर जेवलास?’ असे विचारा. दोन आठवडे उत्तर ‘एकटाच’ असे येत राहिले तर तुम्हाला जे कळायला हवे ते कळले.

ये-जा करणाऱ्यांच्या घरी वेगळी अडचण. मूल संध्याकाळी सातला दमून येते आणि घरातले त्याला अजून हायर सेकंडरीतलेच समजतात: दुकानात बस, धाकटीला शिकव, पंचायतीत कागद देऊन ये. काही कामे त्याने करावीतच, त्यात वाद नाही. पण आठवड्यातले तीन दिवस रात्री आठ ते दहा त्याला कुणी हाक मारायची नाही, असा घरातला नियम करा, आणि कॉलेजात उशिरापर्यंत थांबायचा एक दिवस त्याला द्या. मुलींना हा एक दिवस मिळतच नाही. ‘अंधार पडायच्या आत घरी’ हा नियम मुलीसाठी ठेवायचा आणि भावासाठी नाही, असे असेल तर निदान बसस्टॉपवर तिला घ्यायला भावाला पाठवा, पण नाटकाची तालीम तिला करू द्या.

पैसे महिन्याचे एकदम देण्यापेक्षा आठवड्याला द्या. यूपीआयमुळे ते सोपे झाले आहे, आणि खर्चही तितकाच सोपा झाला आहे. मुलाने महिनाभर खर्च लिहून ठेवावा, एवढी एकच अट घाला. तो हिशेब तपासत बसू नका. त्याने तो स्वतः बघितला की पुरे. पहिल्या महिन्यात पैसे संपले आणि शेवटचे तीन दिवस भाजीपावावर काढावे लागले तर काढू द्या.

गोव्याबाहेरच्या पालकांच्या मनात एक भीती असते आणि ती ते चाचरत विचारतात: दारू, पार्ट्या. कळंगुट-बागा आणि ताळगावचे पठार ही दोन वेगळी जगे आहेत, एवढे आधी समजून घ्या. बहुतेक विद्यार्थ्यांची संध्याकाळ चहा आणि बसच्या वेळा यांतच जाते. तरी दारू इथे स्वस्त आहे आणि सहज दिसते, हे खरे. धमकी देऊ नका. अमली पदार्थ जवळ सापडले तर एनडीपीएस कायद्याखाली काय होते ते एकदा स्पष्ट सांगा, आणि दारू प्यायलेल्याच्या मागे गाडीवर कधीही बसायचे नाही, तेव्हा घरी फोन करायचा, आम्ही त्या रात्री काही विचारणार नाही, असे वचन द्या. ते पाळा.

रॅगिंग

यूजीसीचे रॅगिंगविरोधी नियम २००९ पासून लागू आहेत. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक दोघांनाही हमीपत्र द्यावे लागते. सिनियरने नाव-गाव विचारणे वेगळे. अपमान होईल, भीती वाटेल, पैसे किंवा कामे उकळली जातील असे काहीही रॅगिंगच. मोफत हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. लैंगिक छळाची तक्रार प्रत्येक संस्थेच्या अंतर्गत तक्रार समितीकडे करता येते. तिच्या सदस्यांची नावे फलकावर किंवा संकेतस्थळावर असायलाच हवीत. पहिल्याच आठवड्यात त्या फलकाचा फोटो काढून ठेवा.

चवथीनंतर

सगळ्यात अवघड काळ हा. सुट्टी संपते, घर पुन्हा सोडावे लागते, पहिल्या आयएसएचे गुण हातात येतात आणि ते बारावीच्या मानाने फारच कमी असतात. नव्वदीतल्या मुलाला वीसपैकी नऊ मिळतात. बहुतेकांचे तसेच होते, कारण इथे उत्तर लिहायची पद्धत वेगळी आहे. पण हे त्याला कुणी सांगितलेले नसते. घरच्यांनी त्या दिवशी तुलना करू नये. मुलाने उत्तरपत्रिका मागून घ्यावी आणि शिक्षकांना एकच विचारावे: गुण कुठे गेले? पुढची चाचणी त्यावर लिहावी.

काही मुलांचे मात्र गुणांपलीकडे काही बिनसलेले असते. झोप उडते किंवा दिवसभर झोपच येते, अंघोळ-जेवण टळते, फोनवर आवाज सपाट होतो, सोमवारी सकाळी पोट दुखते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त असे चालले तर ‘दृष्ट लागली’ म्हणून सोडू नका. आधी कॉलेजचे समुपदेशक. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो आणि आपल्या भाषेत बोलता येते. बांबोळीला गोमेकॉजवळच (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाजवळच) सरकारी मनोविकार संस्था आहे. तिच्या बाह्यरुग्ण विभागात जाणे म्हणजे काही वेड लागणे नव्हे. स्वतःला इजा करण्याची भाषा मुलाच्या तोंडी आली तर त्याच दिवशी जा, एकटे सोडू नका.

विषय चुकला असे वाटले तर

‘हा विषय माझा नाही’ हे वाक्य जुलैत ऐकू आले तर थोडे थांबा, ऑक्टोबरात ऐकू आले तर मनावर घ्या. आधी नेमके काय नको आहे ते वेगळे काढा: विषय, कॉलेज, की रोजचा प्रवास? पुष्कळदा तिसरेच असते, आणि ते खोली बदलून सुटते. विषयच नको असेल तर मेंटॉरला भेटा आणि मायनरला मेजर करता येते का, दुसऱ्या सत्रात किंवा दुसऱ्या वर्षी बदल कसा होतो, हे लेखी विचारा. तोंडी उत्तरे खिडकीगणिक बदलतात. अगदीच थांबायचे ठरले तरी पहिले वर्ष पूर्ण करून थांबणे शहाणपणाचे: ४० क्रेडिट आणि उन्हाळ्यातला चार क्रेडिटचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम पूर्ण केला तर प्रमाणपत्र मिळते, क्रेडिट खात्यात राहतात आणि तीन वर्षांच्या आत परत येऊन पदवी पुरी करता येते. दुसऱ्या कॉलेजात जायचे असेल तर ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज दिवाळीच्या सुट्टीआधी द्या. ग्रंथालयाची पुस्तके, प्रयोगशाळेतली फूटतूट आणि वसतिगृहाची अनामत, या तिन्हींची थकबाकी नसल्याची सही त्या अर्जावर लागते, आणि सुट्टीत सही करणारे कुणी जागेवर नसते.